अप्पांची पंगत

प्राणिगृहात शिरताना अप्पा चपला दाराबाहेर काढत. आम्ही नियमाप्रमाणे बुटांवर प्लास्टिकची आवरणं चढवायचो. अप्पाही चढवत, पण अनवाणी पायांवर. “जिवंत जागा हाय की,” एवढंच म्हणत.

सोलापूरच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगाच्या उंदरांची देखभाल करत. मूळचे अक्कलकोटकडचे. सुट्टी मिळाली की गावच्या मठात दासोहाच्या, म्हणजे अन्नदानाच्या पंगतीला वाढपी म्हणून उभे राहायचे. उंदरांना पाण्याच्या बाटल्या लावतानाही कानडीत “कुडि, कुडि” म्हणजे पी, पी, असा आग्रह चाले. त्यांचे उंदीर आम्हा विद्यार्थ्यांपेक्षा बाळसेदार होते.

माझा प्रबंध झायलिटॉलवर होता. साखर नसलेल्या च्युइंगगममध्ये गोडीसाठी घालतात, ते. रक्तात जंतू भिनून सेप्सिस झाला तर ते जीव वाचवायला मदत करतं का, हे मला पाहायचं होतं. काही दिवस निम्म्या उंदरांना ते गोड पाणी, निम्म्यांना साधं. मग सगळ्यांना जंतूंचं इंजेक्शन. अप्पांनी सगळं ऐकून मान डोलावली.

निकालात काडीचा फरक आला नाही. दोन्हीकडचे सारखेच जगले. ‘उपयोग नाही’ असं मी लिहूनही टाकलं. माझ्या मार्गदर्शक सरांची सही व्हायच्या दिवशी अप्पा टोपी हातात धरून माझ्या टेबलाशी आले.

“म्याडम, तसं लिवू नका. मी सगळ्यास्नी गोड पाजलंय. एका पंगतीत निम्म्यांना गोड आन् निम्म्यांना साधं, ते बी मरायच्या आदी. पंक्तिभेद न्हाय जमला मला.”

कित्येक महिन्यांची मेहनत मातीत गेली होती. मी त्यांना नको ते बोलले. ते गप्प राहिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता आणि माझ्या नावावर एक खोटी गोष्ट छापली गेली असती, हे मला फार उशिरा उमगलं. त्यांची बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली. प्रयोग मी पुन्हा केला. बाटल्या स्वतः भरल्या.

अप्पा निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांच्या गावी गेले. मठात पंगत बसली होती आणि हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची बादली अप्पांच्याच हातात. मला बसवलं. वाकून हळूच विचारलं, “साध्या पान्याचे किती गेले?”

प्रबंधात तो आकडा मी सहज टाइप केला होता. अप्पांसमोर उच्चारताना लाज वाटली. तरी सांगितला.

“आन् गोडाचे?”

“त्याहून कमी.”

“म्हंजी तुमचं खरं निगालं की,” म्हणाले. माझ्या पानात हुग्गी वाढली, शेजारणीला वाढली तेवढीच, आणि पुढे सरकले.