तेरेखोलचे चार चौकोन

सकाळी शब्दकोडं सोडवताना पेन संपलं, म्हणून खणातला कॉपी पेन्सिलचा जुना तुकडा काढला. अक्षर गडद उमटावं म्हणून जिभेला लावला आणि लहानपणीची तीच तुरट चव आली.

लालबागच्या आमच्या खोलीत बाबांची अशीच पेन्सिल होती. शाळेतून आल्यावर कोडं मी सोडवायचं, शेवटचा शब्द मात्र बाबांसाठी ठेवायचा. गिरणीतून आले की तो भरून ते मला समजावून सांगत. त्या दिवशी कोडं नद्यांचं होतं आणि उरली होती त्यांच्या गावची तेरेखोल. पण बाबा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेलेले. दिवेलागण झाली तरी येईनात. आई सारखी दाराकडे बघत होती. मी रागाने ते चारही चौकोन भरून टाकले. त्या पेन्सिलीने लिहिलेलं खोडताही येत नाही.

बाबा आले, घोषणा देऊन घसा पार बसलेला. भरलेले चौकोन बघितले. मग जवळ बसून कुजबुजले, “आता तूच माका सांग गो, कशी दिसता ती नदी?”

मी ती कधी पाहिलीच नव्हती. त्यांनीच सांगितलेलं सगळं त्यांना सांगत राहिले. ते डोळे मिटून ऐकत होते.

बाबा तेवढ्यात गावी जाऊन येत होते, हे आता कळतं. तेव्हा कळलं असतं, तर जरा सावकाश सांगितलं असतं.