लेबल नसलेला निळा

फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळ. जागा: शनिवार पेठेतल्या आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. हजर: माझे सासरे, म्हणजे बाबा, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक; खराडीला आयटीत नोकरी करणारा एक तरुण; बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई; बांगड्यांचं दुकान असलेल्या घरातली एक मुलगी, जिला पुढच्या वर्षी कलामहाविद्यालयात जायचं होतं; आणि मी. माझ्याकडे खुर्च्या, पाणी, फडकी. गैरहजर: आमचे हे. बाबांच्या डोळ्यांचा विषय निघाला की यांना नेमकं ऑफिसचं काम आठवतं.

विषय निघून बरेच महिने झाले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. बाबा म्हणाले, बघू. मधल्या काळात ते एका पायात काळा आणि दुसऱ्या पायात निळा मोजा घालून लग्नाला जाऊन आले. मी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मला पेपर वाचता येतो. तुला वाचून दाखवू का?"

आणि तशातच त्यांनी नवशिक्यांसाठी रंगांचा वर्ग जाहीर केला. आपण अजून शिक्षक आहोत, एवढं त्यांना दाखवायचं होतं. मला त्यांचे डोळे वाचवायचे होते. वर्ग नीट पार पडला तर ते ऑपरेशनचं नाव काढणार नाहीत, आणि फजिती झाली तर कदाचित घराबाहेरच पडणार नाहीत, हे मला आधीपासून दिसत होतं.

आदल्या दिवशी त्यांनी पोस्टर कलरच्या सगळ्या बाटल्या बादलीत भिजत घातल्या. नोकरीत होते तेव्हापासूनची ही पद्धत: पहिल्या तासाआधी लेबलं काढून टाकायची. विद्यार्थ्याने बाटली उजेडात धरायची, तिरकी करायची आणि रंग बघून ओळखायचा. झाकणं सगळी पांढरी, त्यामुळे तिथेही मदत नाही.

"बाबा, या वेळी गडद बाटल्यांची तरी लेबलं राहू द्या."

"का? तुला ओळखू येत नाहीत?"

खरं तर येत नव्हत्या. गडद निळा आणि काळा बाटलीत जवळजवळ सारखेच दिसतात. तिरकी केल्यावर काचेला जो पातळ थर चिकटतो, त्यावरून कळतं. बाबा ओला कागद नखाने खरवडत राहिले. मी बादली पुसून जागेवर ठेवली.

वर्ग सुरू झाला तेव्हा बाबा रंगात होते. "मूळ रंग तीन. लाल, पिवळा, निळा. हे कशातून बनवता येत नाहीत, हे विकत आणावे लागतात. बाकीचे घरी करायचे, लोणच्यासारखे."

बँकेतल्या बाई हसल्या. तरुणाने विचारलं, "सर, प्रिंटरमध्ये तर मॅजेंटा, सायन वगैरे असतात ना?"

"असतात. मग प्रिंटरलाच पाठवायचं होतं वर्गाला."

नियम त्यांनी भराभर सांगितले. फिकट रंगात गडद मिसळायचा, तोही कणभर. उलट केलंत तर बाटली संपेल आणि रंग बदलणार नाही. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. आणि रंगाबद्दल शंका आली तर थेंबभर कागदाच्या कडेला घेऊन पाण्याने पसरवायचा. "घट्ट असताना रंग फसवतो. पातळ केला की खरं सांगतो."

मग त्यांनी पिवळा घेतला आणि निळ्यासाठी हात पुढे केला. हात काळ्यावर गेला.

मी दाराजवळ उभी होते. बाटली त्यांनी तिरकी केली, खिडकीकडे धरली, बरोबर जसं शिकवतात तसं. काचेवरचा थर मला तिथून दिसत होता. त्यांना दिसत नव्हता. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तीन विद्यार्थी त्यांच्या ब्रशकडे बघत होते.

पिवळ्यात काळा कणभर पडला आणि हिरवा झाला. होतोच तसा. वाटलेल्या मेंदीसारखा, मळकट, पण हिरवा. "हा पहिला दुय्यम रंग," बाबा म्हणाले. मुलीने मान तिरकी करून बघितलं. हे निभावलं, पण पुढे जांभळा होता. तो लाल आणि निळ्याचा. काळ्यातून तो कुणालाच निघत नाही.

मी पुढे झाले. "बाबा, चहा घेऊ या का आधी?"

"आत्ताच तर बसलोय. चहाच प्यायचा तर कट्टे काय कमी आहेत पुण्यात?"

लालात काळा मिसळला. ब्रश फिरत राहिला. वाटीत वाळलेल्या विड्यासारखा तपकिरी रंग झाला. बाबांनी तो कागदावर फासला आणि कागद वर धरला. "हा जांभळा."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.  शेवटी तरुण म्हणाला, "सर, थोडा... ब्राउन वाटतोय का?"

"दिवसभर स्क्रीन बघितल्यावर सगळं तसंच वाटतं."

"नाही हो सर," बँकेतल्या बाई हळूच म्हणाल्या, "मलाही चॉकलेटीच दिसतोय. आणि मी स्क्रीन बघत नाही."

बाबांचा कागद धरलेला हात तसाच राहिला. तेव्हा ती मुलगी उठली. "सर, शंका आली तर पाणी घालायचं म्हणालात ना? घालू?"

त्यांनी मान हलवली. तिने बाबांनी वापरलेल्या बाटलीतला थेंब कागदाच्या कडेला घेतला आणि स्वच्छ पाण्याने पसरवला. मग न सांगता शेजारची गडद बाटली उघडली आणि तिचाही थेंब बाजूला पसरवला. एक डाग चुलीतल्या राखेसारखा, एक आकाशी. तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कागद खिडकीशी नेला. परत आणला.

"दोन्हींत फरक आहे?"

"आहे सर."

"किती?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही. तिने जे दिसतं तेच सांगावं असं मला वाटत होतं आणि सांगू नये असंही.

"खूप आहे, सर. एक राखाडी आहे. एक निळा."

 बाबांनी ब्रश धुतला, झटकला, आडवा ठेवला. "निळा कुठला, तेवढा हातात दे माझ्या," ते म्हणाले. "आणि तुम्ही दोघं बघत काय बसलात? वाटी धुवा. मळक्या वाटीत जांभळा होत नाही."

राहिलेला तास त्यांनी तिच्या डोळ्यांवर चालवला. ते रंग सांगत, ती बाटली देई. जांभळा झाला. तिघांनी तसं सांगितलं.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या रचत होते. बाबा बसून होते.

"ऑपरेशननंतर सगळं जास्त निळं दिसतं म्हणे."

"थोडे दिवस. मग सवय होते."

"मग नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी पोरांचे निळे चुकलेत म्हणून गुण कापले, ते काय?"

मी हातातली खुर्ची खाली ठेवली.  इतके महिने मी त्यांची भीती सुईची समजत होते.

ते म्हणाले, आधी सहा घरांचं एक रंगचक्र याच डोळ्यांनी करायचं, आणि ऑपरेशननंतर शेजारी दुसरं. "म्हणजे कळेल, कुठे किती घसरलो ते. पहिलं पूर्ण झालं की डॉक्टरांना कळव."

तेव्हापासून दर रविवारी मुलगी बाटली देते आणि बाबा एक घर भरतात. लाल, पिवळा, निळा, नारिंगी, हिरवा ही पाच झाली आहेत. सहाव्याच्या वेळी कधी ब्रश खराब असतो, कधी उजेड कमी. फ्रिजवरच्या माझ्या यादीत खुर्च्या परत, फडकी धुणे, कागद आणणे यांवर खुणा झाल्या. "डॉक्टरांकडून तारीख घेणे" यावर नाही. रविवार परत आला आहे, ऊन चांगलं आहे, नवा ब्रश मीच आणून ठेवला आहे, आणि जांभळ्याचं घर अजून कोरं आहे.