देवळाची वाटणी

भाव करताना उठून चालायला लागायचं असतं, हे मी उल्हासनगरच्या कापडबाजारात शिकलो. सिंधी दुकानदार भाव सांगतो, आपण आपला सांगतो, तो कपाळाला हात लावतो. मग कापड शांतपणे खाली ठेवायचं, "राहू द्या, साईं" म्हणायचं आणि पायरी उतरायची. घाईने चालायचं नाही आणि मागे वळून तर अजिबात बघायचं नाही. दोन-चार दुकानं ओलांडायच्या आत हाक येतेच. "अरे भाई, इधर तो आओ. गुस्सा क्यों करते हो." दहावीनंतर मी एका शेठच्या कटपीसच्या दुकानात कामाला लागलो, तेव्हा ही हाक मारायचं काम माझ्याकडे होतं. पुढे रेडिमेड पँटींचा माझा स्वतःचा ठेला झाला, तेव्हा मी स्वतःसाठी मारू लागलो. जाणाऱ्याला नक्की कुठे गाठायचं हे मला झोपेतही कळे. आपल्या सगळ्या बाजारात ही रीत आहे, तेव्हा ती सगळ्या जगाला ठाऊक असणार, असं मी धरून चाललो होतो.

नव्वदीची सुरुवात असेल. सकाळी विद्यापीठात इतिहासाचं एम. ए. आणि संध्याकाळी ठेला असं माझं चाललं होतं. वर्गातली बाकीची मुलंमुली दादर, गिरगाव, पार्ल्याची. मला सगळे शेठ म्हणत. एक दिवस सरांनी जाहीर केलं की होळीच्या आधी एका रविवारी सगळ्यांनी बस करून उल्हास नदीच्या खोऱ्यात जायचं. सकाळी बारवी धरणाचं जंगल आणि दुपारी अंबरनाथचं शिवमंदिर. "आपल्यातला एक जण तिकडचाच आहे," सर म्हणाले, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बस ठरवायची कोणी, तर शेठने. जेवणाचं बघायचं कोणी, तर शेठने.

विठ्ठलवाडीच्या एका बसमालकाशी मी एक अख्खी संध्याकाळ बसलो. त्याने मला दोनदा चहा पाजला आणि दुसऱ्या चहाचा त्याला पश्चात्ताप झाला. भाव तर पाडलाच, वर खिडक्यांना पडदे लावून घेतले. या सगळ्याच्या बदल्यात मी सरांकडे एकच मागितलं होतं. देवळापाशी पोचल्यावर माहिती मी सांगणार.

"हो, सांग की," सर म्हणाले होते.

त्यांना ते किरकोळ वाटलं असेल. मला नव्हतं. त्या देवळाबाहेर महाशिवरात्रीच्या जत्रेत मी लहानपणी कंगवे आणि टिकल्या विकल्या होत्या. भिंतीवरच्या बायकांचे चेहरे मला आमच्या चाळीतल्या बायकांइतके पाठ होते. पण त्या कोण, कोणत्या काळच्या, हे वाचलं नव्हतं, ते आता महिनाभर ठेल्यावर बसून वाचलं. गिऱ्हाईक कमरेचं माप सांगे आणि मी शिलाहारांच्या काळात असे. टांगलेल्या पँटींसमोर अख्खं भाषण करूनही पाहिलं. एकीनेही हरकत घेतली नाही. वर्गाने मला एकदा तरी भाव करण्यापलीकडे काही करताना बघावं, एवढंच माझं मागणं होतं.

रविवारी सगळे विठ्ठलवाडीला उतरले, बस निघाली. बदलापूर गाव मागे पडलं आणि सर उठून उभे राहिले. "दुपारी मंदिराची माहिती हा सांगेल," असं म्हणून त्यांनी पार्ल्याच्या एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याने ग्रंथालयात बसून फार चांगलं टिपण केलं आहे." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, "तुला आज खूप धावपळ आहे. तू जरा मोकळा राहा."

बारवीच्या जंगलात पळस नुसता पेटला होता. खाली कापून झालेल्या भातशेतांचे चौकोन, पलीकडे धरणाचं पाणी. सर एकेक झाड दाखवत होते. मला काही दिसत नव्हतं, कारण डोकं पळसाहून जास्त पेटलं होतं. त्यात मागून हाका. "शेठ, पाणी कुठे मिळेल?" "शेठ, इकडे चहा?" गिरगावची एक मुलगी होती, तिची जीभ माझ्याइतकीच धारेची. तिने विचारलं, "शेठ, जंगल ओरिजिनल आहे ना? की तुमच्या उल्हासनगरात बनवलंय?"

"जंगल ओरिजिनल आहे," मी म्हणालो. "बघायला आलेलं गिऱ्हाईक डुप्लिकेट आहे."

जेवण झाल्यावर मी सरांना गाठलं. सगळे झाडाखाली बसलेलेच होते.

"सर, देवळाचं माझ्याशी ठरलं होतं."

"अरे हो," सर म्हणाले. "पण त्याचं टिपण तयार आहे. तू मध्ये मध्ये भर घाल ना."

"भर मी ठेल्यावर घालतो, सर. इथे मला पूर्ण बोलायचंय."

"मग मी काय करू?" पार्ल्याचा मुलगा म्हणाला. "दोन आठवडे खपलोय मी."

"तू पँटी विकायला जा. आजच्या दिवस ठेला तुझा."

मुली हसल्या. तो लाल झाला. सर म्हणाले, "हे बघ, असं रागावून कसं चालेल?"

आता वेळ आली होती. मी ताट बाजूला ठेवलं, पँट झटकली आणि म्हणालो, "मग राहू द्या, सर. मी जातो." आणि रस्त्याला लागलो. घाई न करता, मागे न बघता.

पहिल्या वळणापर्यंत हाक आली नाही. मला वाटलं, मुरलेला दुकानदार दिसतोय. दुसऱ्या वळणावर चप्पल काढून खडा झटकल्यासारखं केलं. चपलेत खडा नव्हता. मागे भांडी गोळा केल्याचा आवाज आला, मग इंजिनाचा. मी छाती पुढे काढली. बस आपल्यासाठीच येतेय, आता थांबेल, दार उघडेल, आपण थोडे आढेवेढे घ्यायचे, मग चढायचं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. बस जवळ आली, हॉर्न वाजला, आणि बाजूला हो म्हणून वाजला. मी बाजूला झालो. मी लावून घेतलेले पडदे सारून सगळ्यांनी मला प्रेमाने हात केले. सरांनीही केला. धूळ उडवत बस उतारावरून निघून गेली.

काय झालं ते नंतर कळलं. सकाळी मी फुशारकीने सांगितलं होतं की खरवईला माझी मावशी राहते आणि तिच्या हातचं मटण खाल्लं की माणूस इतिहास विसरतो. मी उठून गेल्यावर सर म्हणाले, "मावशीकडे जातोय वाटतं. सांगून गेला, छान केलं." खरवई तिथून चालत जाण्यासारखी नव्हती, पण हे पार्ल्याला आणि दादरला कुठून माहीत असणार? या माणसांनी दुकानदाराला कधी हाक मारायला लावलीच नव्हती. जो भाव सांगितला तो देणारी माणसं. 'जातो' म्हटल्यावर त्यांनी मला जाऊ दिलं. शिव्या देत मी बराच वेळ चाललो. त्यातल्या काही सिंधी होत्या, त्या जंगलाला कळल्या नसतील.

मागून पेंढ्याने भरलेला टेम्पो आला. गावाकडचा चालक, डोक्याला टॉवेल बांधलेला.

"कुठं चाल्लास रं भाऊ, उन्हाचा?"

"अंबरनाथला. देवळात."

"नवस हाय का?"

"भांडण आहे."

"मंग बस वर," तो म्हणाला. "म्होरं जागा न्हाय. भांडनाला उशीर नको."

पेंढ्याच्या डोंगरावर आडवा पडून मी निघालो. उल्हास नदीच्या पुलाजवळ आमची बस कडेला उभी होती. सगळा वर्ग काठावर बगळे बघत होता आणि सर काहीतरी समजावत होते. मी वरून हात केला, अगदी त्यांनी केला होता तसाच प्रेमाने. कोणी बघितलं नाही. बगळे जास्त महत्त्वाचे होते.

देवळात पोचलो तेव्हा केसांत पेंढा होता आणि आवारात देशावरून लग्नाला आलेलं बायकांचं वऱ्हाड होतं. लग्न लागून गेलेलं, आता जाता जाता देव बघायला आलेल्या. त्यातल्या एका थोराड बाईने भिंतीवरच्या मूर्तीकडे बघून मला विचारलं, "ही बया अशी वाकडी का हुबी हाय ओ?"

वर्ग नाही तर वऱ्हाड. मी सुरू केलं. शिलाहार राजे, भूमिज पद्धतीचं शिखर, मूर्तीच्या शरीराला दिलेले तीन बाक. बायका हळूहळू सरकायला लागल्या. गिऱ्हाईक हलतंय हे मला पाठीमागूनही कळतं. मी सूर बदलला. "मावशी, ही आरशात बघतेय. बाहेर जायचंय, आणि नवरा दारात खोळंबलाय. घाई केली तर ती अशी उभी राहील का?"

"न्हाय राहायची," बाई म्हणाली, आणि सगळ्या परत फिरल्या. "आन त्यो नवरा कुठंय?"

"तो पलीकडच्या भिंतीवर. चला."

त्या नवऱ्यापाशी आम्ही पोचलो, तेवढ्यात आमचा वर्ग आत आला. सर थबकले.

"तू? तू मावशीकडे गेला होतास ना?"

"नाही, सर."

"मग निघून का आलास?"

"तुम्ही हाक माराल म्हणून."

सर खरोखर गोंधळले. "पण तू जातो म्हणालास."

गिरगावच्या मुलीला तेवढ्यात सगळं समजलं. ती चौथऱ्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला त्या हसण्याचा राग आला नाही. न आलेल्या हाकेचा आला, तो आजतागायत आहे. एक हाक मारायला काय लागतं?

पार्ल्याचा मुलगा टिपण काढून उभा राहिला. बायका त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघू लागल्या. थोराड बाई सरांना म्हणाली, "ह्यास्नीच सांगू द्या की. निम्मं झालंय." सरांनी कपाळ पुसलं. "तुम्ही दोघं वाटून घ्या," ते म्हणाले.

वाटून घ्या म्हटल्यावर माझा जीव थाऱ्यावर आला. हे मला येत होतं. "बाहेरच्या सगळ्या भिंती माझ्या," मी म्हणालो.

"मग आतलं सगळं माझं," तो म्हणाला. "मंडप, खांब, गाभारा."

"खांब दे. गाभारा घे."

"खांबांवर माझी चार पानं आहेत."

"बरं, खांब ठेव. दारावरची पट्टी माझी."

"अरे, हे देऊळ आहे," सर म्हणाले. "कापडाचा तागा नाही."

"म्हणूनच फाडत नाही, सर. नुसतं मोजून घेतोय."

पट्टी मिळाली. बहुतेक कोरीवकाम बाहेर, आत खांब सोडले तर नुसता अंधार आणि पिंड. पोराला पुरता लुटला म्हणून मी खूश होतो. बोलायला पहिला मान माझा. उन्हात मूर्ती उठून दिसतात, म्हणून उन्हाच्या बाजूने सुरुवात केली. सगळा वर्ग माझ्यासमोर उभा होता, ज्यासाठी महिनाभर पँटींना छळलं तेच हे दृश्य. आणि पहिल्याच मूर्तीपाशी वर्ग नाचायला लागला. चपला बाहेर काढलेल्या, काळा दगड दुपारभर तापलेला. दादर एका पायावर, गिरगाव दुसऱ्या. "शेठ, जरा लवकर," कोणीतरी कळवळलं. दुसऱ्या मूर्तीपाशी निम्मे राहिले. तिसरीपाशी सर म्हणाले, "पायाला फारच लागतंय रे, आपण आधी आत जाऊ या का?" आणि पायऱ्या उतरून सगळे त्या थंडगार गाभाऱ्यात गेले. पार्ल्याच्या मुलाला काही करावं लागलं नाही. आतून त्याचा आवाज घुमत होता, आणि गाभाऱ्यात कोणाचाही आवाज भारदस्तच वाटतो.

मी मोठा वाटा घेतला होता आणि ऊन हिशेबात धरलं नव्हतं.

देशावरच्या बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत. शेतात चालून चालून घट्ट झालेल्या त्यांच्या टाचांना तो दगड काहीच वाटत नव्हता. माझे पाय पोळत होते, पण त्यांच्यासमोर नाचणं शक्य नव्हतं. "म्होरं सांगा, मास्तर," थोराड बाई म्हणाली.

मला आजवर कोणी मास्तर म्हटलं नव्हतं. मग मी एकही मूर्ती सोडली नाही. हत्तींची रांग सांगितली, नाचणाऱ्या बायका सांगितल्या, शिखर वर उघडं का याची दोन मतं सांगितली. तिसरं मत बाईचं होतं, की पाव्हण्यांना जेवायला घालण्यात सगळं सामान संपलं असेल. तेही मी नाकारलं नाही. वळसा घालून आम्ही सावलीच्या बाजूला आलो तेव्हा बाहेर आमच्या बसचा हॉर्न वाजू लागला होता. सर एकटेच मला शोधत आले.

"चला, आवरा आता. उशीर होतोय."

"दम धरा की वाईच," बाई त्यांना म्हणाली. "आजून कोपरा ऱ्हायलाय."

सर तिच्या शेजारी उभे राहिले. मी कोपरा सांगायला घेतला, आणि जितका वेळ लागायला हवा होता त्याहून जास्त घेतला. सर लक्ष देऊन ऐकत होते, मध्येच मान डोलावत होते. मग त्यांनी मंडपाच्या भिंतीला लागून असलेल्या, झिजून गेलेल्या एका मूर्तीकडे बोट केलं.

"आणि ही कोण रे?"

ती मला माहीत नव्हती. महिनाभराच्या वाचनात कुठेच आली नव्हती. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"ती मंडपाला लागून आहे, सर," मी म्हणालो. "पार्ल्याच्या वाट्यात येते. त्यालाच विचारा."

दुसरा कोणी हसला असता. सर "अच्छा" म्हणाले आणि खरोखरच त्याला विचारायला बसकडे गेले.