न म्हटलेलं आमेन

आमच्या घरात पाच महिने कोणी कोणाच्या प्रार्थनेला आमेन म्हटलं नाही. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांना वाटेल, यात काय एवढं? आमच्यात संध्याकाळी जेवणाआधी एकजण मोठ्याने प्रार्थना करतो आणि ऐकणारा शेवटी आमेन म्हणतो. म्हणजे, तू मागितलंस तेच माझंही मागणं आहे. तो शब्द आला नाही की प्रार्थना करणारा एकटा पडतो. आमच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घरात आम्ही दोघंच. कितीही कडाक्याचं भांडण झालं तरी आमेन चुकलं नव्हतं. कधी पुटपुटत, कधी तोंड फिरवून, पण म्हटलं जायचं. ते बंद पडलं तेव्हा घरातली चूल विझल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

आणि सुरुवात माझ्यापासूनच झाली होती. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमचे हे खापरखेड्याच्या वीजघरात बॉयलरवर फिटर होते आणि आम्ही तिथल्या वसाहतीत राहत होतो. मी वसाहतीतल्या मुलांची रविवारची शाळा घेत असे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन असून देव एकच कसा, हे लेकरांना सांगताना मी पाण्याचा दाखला द्यायची. पाणी गोठलं की बर्फ, तापलं की वाफ, पण वस्तू एकच. माझी आई बायबलबाई म्हणून खेडोपाडी शास्त्र सांगत फिरायची, तिच्याकडूनच मी हे उचललं होतं. लेकरं माना डोलवायची. मागे सतरंजीवर बसून हेही ऐकायचे. जन्म वाफेत गेलेला माणूस, त्यांना तो दाखला भलताच पटला. पुढे एक नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, वसाहतीत घरोघरी सभा घेऊ लागले. ते सांगत, की पिता आणि पुत्र या दोन व्यक्ती नाहीतच, एकच देव कधी पिता म्हणून तर कधी पुत्र म्हणून प्रगट झाला, आणि त्याचं नाव येशू. ह्यांना त्यात नवं काही वाटलंच नाही. घरी येऊन मलाच म्हणाले, "तूच तं सांगत होती वं. तेच पाणी, तेच बर्फ, तेच वाफ. मंग आता काहून नाही म्हणून राहिली?"

मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, तो दाखला चुकीचा आहे. तेच पाणी एका वेळी बर्फही आणि वाफही नसतं. पुत्र प्रार्थना करतो तेव्हा पिता ऐकत असतो. दोघंही त्याच वेळी असतात." मी विचारलं, मग बरोबर दाखला कोणता? त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "दाखला नाहीच." मी घरी परतले ती डोकं बधिर होऊनच. इतकी वर्षं लेकरांना शिकवलं ते चूक, त्यावरून नवऱ्याने जो अर्थ काढला तोही चूक, आणि बरोबर काय ते कोणाला दाखवता येत नाही.

पण हार मानायचा माझा स्वभाव नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे रोज वाद. मी म्हणायची, पकडला गेला त्याआधी बागेत गुडघे टेकून येशू विनवत होता, तो कोणाला? स्वतःलाच? हे म्हणायचे, देह आत्म्याला विनवत होता. मग ते विचारायचे, स्वर्गात गेल्यावर तुले दोन सिंहासनं दिसतील का एक? दोन म्हटलं तं देव दोन झाले! त्यावर मी भांडी आपटायची. संध्याकाळी ते "हे येशू बापा" अशी सुरुवात करायचे आणि माझे ओठ घट्ट मिटायचे. माझी पाळी आली की मी "स्वर्गातल्या पित्या" म्हणून सुरू करून "तुझ्या पुत्राच्या नावाने" असा मुद्दाम जोर देऊन संपवायची, आणि ते भिंतीकडे बघत बसायचे. देवाशी बोलता बोलता आम्ही एकमेकांना टोमणे मारत होतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

मग नव्या पाळकांनी सांगितलं की तिघांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा धरत नाहीत, एकट्या येशूच्या नावाने पुन्हा घ्यायला हवा. हे रविवारी कन्हान नदीवर गेले. मी गेले नाही. घरी सुपात डाळ घेऊन बसले आणि एकच डाळ तीनदा निवडली. दुपारी हे ओल्या कपड्यांनी परतले, चेहरा इतका आनंदी की मला बघवेना, आणि एक पाय लंगडत. नदीच्या गाळात पत्र्याचा तुकडा होता, तळव्यात चांगलाच रुतला होता. त्यांनी पाय पुढे केला. दवाखाना वसाहतीतच होता, घरात मलमही होतं. मी म्हणाले, "ज्यानं तुमाले बुडवलं ना, त्यालेच सांगा मलम लावाले." त्यांनी पाय मागे घेतला. फडकं बांधून सोमवारी कामावर गेले.

नवव्या दिवशी सकाळी त्यांना पोळी चावता येईना. आम्हाला वाटलं दाढ दुखते. दुपारपर्यंत दातखीळ बसली आणि पाठ कमानीसारखी वर उचलली गेली. वीजघराच्या गाडीने त्यांना नागपूरच्या सरकारी इस्पितळात आणलं. डॉक्टरांनी पाय बघितला आणि एकच शब्द म्हणाले, धनुर्वात. वॉर्डाच्या टोकाला एक अंधारी खोली होती, खिडकीला काळं कापड, आत दोन खाटा. डॉक्टरांनी मला बजावलं, उजेड नको, धक्का नको, आवाज तर मुळीच नको. नुसता पेला पडला तरी झटका येईल, आणि एखाद्या झटक्यात श्वास अडकला की संपलं. जागे असतील, ऐकतील, पण बोलू शकणार नाहीत.

दोन्हीकडची माणसं भेटायला आली. ह्यांच्या सभेतल्यांना टाळ्या वाजवून मोठ्याने प्रार्थना करायची होती. मी व्हरांड्यात हात जोडून त्यांना थोपवलं. जाता जाता त्यांच्यातली एक बाई हळूच म्हणाली की घरात अविश्वास असला की असं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळीतले एक वडीलधारे आले, ते म्हणाले की दोनदा बाप्तिस्मा घेणं देवाला आवडलं नसणार. मी दोघांचंही खरं मानलं. हा दंड पित्याने दिला की पुत्राने, आणि ते एकच असतील तर मी कोणाच्या बाजूने भांडत होते, काही म्हणता काही उमगेना. मलम मात्र मी लावलं नव्हतं. त्यात वाद नव्हता.

दुसऱ्या खाटेवर कन्हान गावच्या कोळसा खाणीतला एक तरुण होता. त्याची मोठी बहीण त्याच्याजवळ बसून असे. चाळिशीची, काळीसावळी, जाड सुती लुगडं नेसलेली. मी पहिल्याच दिवशी ह्यांच्या तोंडाला ओला बोळा लावायला हात पुढे केला आणि माझ्या बांगड्या किणकिणल्या. दोन्ही खाटांवरची शरीरं ताठ झाली. मी घाबरून बांगड्या ओढून काढू लागले आणि तिथेच थांबले. आम्ही ख्रिस्ती माणसं, शकुन-अपशकुन मानू नये असं मीच मुलांना शिकवायची, पण नवरा असा पडलेला असताना हातातल्या बांगड्या काढायचं मन होईना. त्या बाईने बघितलं. जवळ येऊन तिने माझा हात धरला आणि कानाशी म्हणाली, "काढू नको वं. बांधून घे." तिने आपल्या लुगड्याची किनार दातांनी तोडली, आवाज होऊ नये म्हणून पदराच्या घड्यांत धरून हळूहळू फाडली, आणि त्या चिंधीने माझ्या दोन्ही हातांतल्या बांगड्या गुंडाळून टाकल्या. मी तिला ताई म्हणू लागले.

मी रोज ह्यांच्या कानाशी कुजबुजत प्रार्थना करायची. कोणाच्या रीतीने करावी तेच ठरेना. माझ्या रीतीने केली तर ह्यांना पटणार नाही, ह्यांच्या रीतीने केली तर मी खोटं बोलतेय असं वाटायचं. शेवटी सकाळी त्यांच्यासारखी आणि संध्याकाळी माझ्यासारखी करू लागले. असली भोंगळ तडजोड माझ्यासारख्या हट्टी बाईनेच करावी. ताईच्या ते ध्यानात आलं. व्हरांड्यात डबा खाताना तिने विचारलं, "सकाळी येगळं नाव घेते, संध्याकाळी येगळं. दोघं आहेत का एकच आहे थो?"

मी म्हणाले, "मलेच समजून नाही राहिलं, ताई."

ती म्हणाली, "आमच्या बापानं छप्पनमंदी दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरी देव नाही. मी कोणालेच बोलत नाही. भाऊ आहे माहा, म्हणून बसते त्याच्यापाशी." त्यात टोमणा नव्हता. तिने आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्या डब्यात ठेवली.

सहाव्या दिवशी भर दुपारी तिच्या भावाला मोठा झटका आला. नर्स धावली, डॉक्टर आले, सगळं दबक्या पावलांनी. थोड्या वेळाने डॉक्टरांनी त्याच्या छातीवरून नळी काढून गळ्यात अडकवली आणि ताईकडे बघून मान हलवली. ताई उठून उभी राहिली. तिचं तोंड उघडलं. मी ह्यांच्या खाटेला घट्ट धरलं, कारण पुढे काय होणार ते मला दिसत होतं आणि तिला कोण अडवणार, कोणत्या तोंडाने? तेवढ्यात तिची नजर आमच्या खाटेकडे गेली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. दोन्ही हातांनी तो दाबून धरत, अनवाणी, एकेक पाऊल टाकत ती दाराशी गेली. दार आपटू नये म्हणून कोपराने धरून हळूच लोटलं. व्हरांडा ओलांडला, पायऱ्या उतरली, पार कुंपणाच्या भिंतीजवळच्या लिंबाखाली पोहोचली आणि मग तिने हंबरडा फोडला.

मी तिच्यामागे धावले. तिच्याजवळ बसले, तिला धरलं. माझ्याकडे बघून तिने पहिल्यांदा काय विचारावं? "आवाज गेला का वं आतमंदी? तुह्या माणसाले झटका तं नाही आला?" मी नाही म्हणाले. तेव्हा कुठे ती पुन्हा रडली, आणि मीही.

खोलीत परतले तेव्हा दुसरी खाट रिकामी होती. मी ह्यांच्या कानाशी वाकले. कोणत्या नावाने सुरुवात करावी हे सुचेना, आणि त्या दिवशी मी ते शोधलंही नाही. मी म्हणाले, तू एक आहेस की कसा आहेस, मला कळत नाही. त्या बाईचा भाऊ तुझ्याकडे आलाय, त्याला जवळ घे. तिला सांभाळ. हा माणूस ठेवायचा तर ठेव, न्यायचा तर ने, पण मी मलम लावलं नाही याची मला क्षमा कर. एवढंच. तेव्हा ह्यांच्या मिटलेल्या दातांमागून एक बारीक, लांब हुंकार आला. म्... मला वाटलं, झटका येतोय. आला नाही. तो कण्हण्याचा आवाज होता की आणखी कशाचा, मला सांगता येत नाही.

हे वाचले. महिनाभराने घरी आले. ज्याच्या बहिणीने आपलं रडणं दाराबाहेर नेलं तो गेला, आणि जिने एक बोट मलम लावलं नाही तिचा नवरा राहिला. यात देवाचा न्याय कसा बसवायचा ते मला तेव्हाही जमलं नाही, आताही नाही. त्या बाईला कोणी पाठवलं, पित्याने की पुत्राने, तेही ठाऊक नाही. ती स्वतः दोघांनाही मानत नव्हती. पुढे मी कन्हानला जाऊन तिला शोधलं. लोकांनी विचारलं, नाव काय बाईचं? पाच महिने मी नावांवरून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.

हे अजून त्यांच्या सभेला जातात, मी माझ्या मंडळीत. लेकरांना मी पाण्याचा दाखला देत नाही. ती विचारतात तेव्हा सांगते, मला कळलेलं नाही रे, पण त्याने मला सोडलं नाही. तिने बांगड्यांना बांधलेली ती चिंधी माझ्या बायबलमध्ये ठेवलेली आहे. कळल्याशिवाय नमायचं नाही असा माझा हट्ट होता. आता न कळताच नमते, आणि उपकार मानते.

इस्पितळातून घरी आलो त्या संध्याकाळी ह्यांनी प्रार्थना केली, "येशू बापा" अशीच. त्यांचं पुरतं संपायच्या आत मी आमेन म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी माझी पाळी. मी माझ्या रीतीने, पित्याला, पुत्राच्या नावाने प्रार्थना केली, आणि डोळे मिटूनच थांबले. मग ते आमेन म्हणाले. जबडा अजून नीट उघडत नव्हता, त्यामुळे मला ऐकू आला तो नुसता एक बारीक, लांब हुंकार. म्... तो आवाज मी आधी एकदा ऐकला होता.