सरी म्हणेपर्यंत छापायचं नाही

आमच्या शाळेच्या वर्तमानपत्राचा एकच कडक नियम होता. ज्याची मुलाखत घेतली त्याला लिहिलेलं सगळं वाचून दाखवायचं आणि तो 'सरी' म्हणेपर्यंत छापायचं नाही. सरी म्हणजे कन्नडमधलं 'ठीक आहे'. आमच्या मॅडमनी तो नियम फळ्यावर लिहूनच ठेवला होता आणि आम्ही नववीतली पोरं तो वेदवाक्यासारखा पाळायचो. बाकी आमची पत्रकारिता कँटीनचं सांबार पातळ का, इथवरच पोचलेली.

एका अंकाचा विषय होता 'घरच्यांचं काम'. मी अण्णांना, म्हणजे वडिलांना धरलं. ते पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात फिटर होते. घरात भांडं आपटलं तरी ते दोन्ही हात छातीशी ओढून घ्यायचे, आणि आम्ही भावंडं त्यावरून त्यांची थट्टा करायचो. मी मारे ऐटीत विचारलं, "अण्णा, तुम्ही असं का करता?"

त्यांनी आधी आपल्या हातांकडे पाहिलं. मग बोलायला लागले ते थांबेचनात. त्यांचा एक सोबती, आमच्याच निपाणीकडचा, पत्रा दाबायच्या प्रेस मशीनच्या चाकात बाही अडकून गेला होता. चाकावरची संरक्षक जाळी त्यानंच काढली होती, असं कारखान्यानं सांगितलं.

"ती जाळी मी काढलो होतो," अण्णा म्हणाले. "काम लवकर होऊ दे म्हणून साहेब काढ म्हणाले, मी काढलो. मागनं गप्प बसलो. तुम्ही पोरं लहान होता."

मला भीती वाटली. खरी बातमी मिळाली म्हणून आतून आनंदही झाला. त्यांच्याच शब्दांत सगळं लिहून मी वाचून दाखवलं.

"बरोबर लिहिलीस," ते म्हणाले. "पण मी सरी म्हणून काय उपयोग? ह्यात तो हाय. त्याच्या बदली वैनी म्हणू देत."

त्या वैनी, म्हणजे त्या सोबत्याची बायको, माझ्या काकू, मारतहळ्ळीला चार घरचा स्वयंपाक करायच्या. रविवारी आम्ही गेलो. मी वाचायला लागले आणि जाळीपाशी पोचताच त्यांनी मला थांबवलं. "तू नको. ज्यानं काढली त्यानं वाचू दे."

अण्णांनी कागद घेतला. वाचताना त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"इतकी वर्षं मी ह्यांनाच बोल लावला," काकू म्हणाल्या. "फोटोपुढं उभी राहून भांडले."

छापायचं का, असं अण्णांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "आज नको. श्राद्धाला या. परत वाचा."

अंक माझ्या बातमीशिवाय निघाला. अण्णा मात्र दर श्राद्धाला जात राहिले. काकू त्यांना जेवायला वाढायच्या, शेजारी आणखी एक पान मांडायच्या. जेवण झालं की अण्णा वाचायचे आणि शेवटी विचारायचे, "सरी?" काकू पानं उचलायला लागायच्या. मला त्यांचा राग यायचा. किती छळायचं माणसाला! एकदा मी अण्णांना म्हटलं, आता जाऊ नका.

"जायाला पायजे," ते म्हणाले. "शेजारच्या पानावर तो बसलेला असतोय. मी वाचायला लागलो की जेवायचा थांबतोय."

गेल्या थंडीत अण्णा गेले. मी आता व्हाइटफील्डला नोकरी करते. ऑफिसचं काचेचं दार आपटलं की माझेच हात छातीशी येतात. कुणी हसलं तर मीही हसते.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "रविवारी श्राद्ध आहे. अण्णांचंही पान मांडते. वाचायला तू ये."

"काकू, यंदा तरी सरी म्हणाल ना?" मी विचारलं.

"सरी म्हटलं की तू छापून मोकळी होशील," त्या म्हणाल्या. "मग ह्यांच्यासाठी माझ्या दारात कोण येणार?"

मी येते म्हणाले.