काचेवरचे चतुर

चतुर काचेवर आपटला की टप् असा आवाज होतो. फुलपाखराचा आवाज होत नाही, नुसता पिवळा डाग उमटतो. भुंगा मात्र दगडासारखा येतो, फुटतो आणि ओघळत खाली उतरतो.

मी व्हॅनिटी व्हॅन चालवतो. नटनट्यांसाठी चाकांवरचं घर ते. मागे सोफा, आरसे, एसी, संडास, आणि पुढे भिंतीएवढ्या काचेमागे मी. गाडी घोडबंदर रोडला मालकाच्या प्लॉटवर उभी असते. तिथून बोरिवलीकडे येताना नॅशनल पार्कचं जंगल लागतं आणि भाद्रपदात ऊन पडलं की त्या रस्त्यावर चतुरांचे थवेच्या थवे असतात. त्यांच्यासाठी ब्रेक मारला तर ते वाचत नाहीतच, मागचा ट्रक तेवढा आपल्यात घुसतो. इतक्या वर्षांत माझ्या गाडीखाली माणूस सोडा, कुत्रंही आलं नाही, हे मी मिशीला पीळ देऊन सांगायचो. काचेवर मेलेले मी कधी जमेतच धरले नव्हते.

त्या वर्षी धरावे लागले. वडील गेल्यानंतरचा तो पहिला म्हाळ होता. आमच्याकडे पितृपक्षात किडामुंगी मारत नाहीत. पितर कुठल्या रूपात येतील सांगता येत नाही, म्हणून आई त्या पंधरवड्यात झुरळसुद्धा सुपलीत घेऊन जिन्याबाहेर सोडते.

वडिलांबद्दल सांगायला हवं. गिरणी बंद पडल्यावर ते वॉचमन झाले आणि घरी आले की हात चालवू लागले. आईला तांब्या फेकून मारायचे, लाटणं फेकायचे, जे हाताला लागेल ते. लहानपणी मी मोरीत जाऊन बसायचो. मोठा झालो, लग्न झालं, तरी ते चालूच. एकदा त्यांनी आईचे केस धरून तिचं डोकं कपाटावर आपटलं, तेव्हा मी त्यांचा हात पिरगाळला आणि दोन कानाखाली वाजवल्या. त्यांचा दात पडला. रक्त पुसत ते कोपऱ्यात जाऊन बसले आणि त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. आईनेही तेव्हा मलाच धारेवर धरलं. "बापसावर हात उचललंस रे!" म्हणून ती रडली. मला पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. पण तो दात फरशीवर पडल्याचा आवाज कानातून कधी गेला नाही.

म्हाळाचा सगळा स्वयंपाक आईने केला. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. कावळ्यासाठी पान वाढलं आणि पंचाईत झाली. कांदिवलीच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कावळा येतोय कुठला, तिथे सगळं कबुतरांचं राज्य. माझी दुपारची शिफ्ट होती, आरे कॉलनीच्या जंगलात शूटिंग. आईने पान डब्यात घालून माझ्या हातात दिलं.

"आरेत ठेव ह्या पान. थंय कावळे पुष्कळ. कावळो शिवलो की माका फोन कर, मगे मी जेवतंय."

आईला साखरेचा आजार आहे. वेळेवर जेवली नाही तर तिला घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मी म्हटलं, "तू जेवून घे गं." तिने मान हलवली, ती हो होती की नाही ते मला कळलं नाही.

गाडी प्लॉटवरून काढली आणि जंगलापाशी पहिला चतुर आपटला. टप्. मी खरंच हात जोडले. दुसरा, तिसरा. पंख काचेला चिकटून वाऱ्यात फडफडत राहिले, धडं कुठल्या कुठे गेली. दहाव्याला माझं डोकं फिरलं. यातला आमचा म्हातारा कुठला? जिवंतपणी समोर आला नाही, आता तोंडावर येऊन फुटतोय? मी शिव्या देत वायपर चालू केला आणि वर पाणी मारलं.

ही नवशिक्याची चूक. मेलेल्या किड्यांवर वायपर कधी फिरवायचा नसतो. गाडी थांबवायची, ओला पेपर काचेवर चिकटवायचा, दहा मिनिटांनी अलगद पुसायचं. मी हे दहा जणांना शिकवलंय. वायपर फिरवला की सगळ्यांचा मिळून चिकट पिवळा लेप होतो. झालाच. समोरचा रस्ता गेला, उन्हात काच नुसती चकाकायला लागली आणि एका रिक्षाला मी वीतभर अंतराने चुकवलं. रिक्षावाल्याने माझी आई-बहीण काढली. मान बाहेर काढून, गाडी रांगत रांगत मी आरेपर्यंत आणली.

रस्त्याकडेला एका उंबराखाली गाडी लावली आणि समोरच्या दगडावर पान मांडलं. कावळे होतेच. एक उतरला, पानाकडे मान वाकडी करून पाहिलं आणि सरळ माझ्या गाडीच्या वायपरवर जाऊन बसला. तिथे अडकलेलं चतुराचं धड त्याने ओढून काढलं, पंख झटकून टाकले आणि गिळलं. मग दुसरं. मग खाली रेडिएटरच्या जाळीत अडकलेले भुंगे.

"बाबा, पानावर या," मी म्हटलं.

कावळा शिवत नसेल तर गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करायचं कबूल करतात. मी म्हटलं, गावच्या घराचे वासे बदलतो. तो किडे खात होता. आईला सांभाळतो. खात होता. शेवटी म्हटलं, "माफी पाहिजे? ती नाही मिळणार." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी मारलेलं सगळं तो खात होता आणि आईने रांधलेल्याला चोच लावत नव्हता. तिकडे आई उपाशी बसलेली. माझ्या हातात नटबोल्ट आवळायचा लोखंडी पाना कधी आला मला माहीत नाही. मी तो सगळा जोर लावून भिरकावला.

कावळा केव्हाच उडाला होता. पाना काचेत बसला आणि मधोमध फुटून तडे चारी बाजूंना पळाले. काचांचा चुरा माझ्या पायांवर पडला. मी उभाच राहिलो. तांब्या फेकल्यावर वडील असेच उभे राहायचे, हात अर्धवट वर ठेवून. माझा आवाज चढला की माझी बायको मुलीला घेऊन आतल्या खोलीत जाते, दाराला कडी घालते. ती का जाते हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

फोन वाजला. आई होती.

"शिवलो काय रे?"

खोटं बोलणार होतो, म्हणजे ती जेवली असती. पण तोंडातून खरं आलं. "नाही शिवला, आई. माझ्या हातचं खात नाहीत ते. मी मारलं ना त्यांना. तू जेव, तुला शपथ आहे."



"मी जेवलंय," ती म्हणाली. "तू जिनो उतरलंस आणि मी ताट वाढून घेतलंय. चाळीस वर्सां त्येंचो मार खाल्लंय, आता उपाशी कित्याक ऱ्हवू?"

"मग मला कशाला पाठवलंस?"

"तुका बरा वाटात म्हणान." मग तिने विचारलं, "तुझो आवाज असो कित्याक? काय झाला?"

"गाडीची काच फुटली."

"कोणी फोडल्यान?"

‘दगड लागला’ असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. रस्त्यावर ट्रकच्या चाकाखालून दगड उडतात, मालकानेही ते मान्य केलं असतं. काचेच्या उरलेल्या भागात पंख अजून हलत होते.

"मी फोडली," मी म्हटलं. "पाना फेकून."

आई रडली नाही, ओरडली नाही. पलीकडून आतल्या खोलीच्या दाराची कडी सरकल्याचा आवाज आला आणि आई माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "गो, आज तो येयत तेवा पोरीक घेवन आत ऱ्हव."