चिमीला ऐकू येतं का?

पहिलटकरणीकडे किस्से साठायला वेळ लागत नाही. पोर नुसतं शिंकलं तरी अंगणातल्या चार बायका धावत येतात, आणि घरी जाऊन प्रत्येकजण वेगळंच सांगते!

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. सोलापुरात आमची एकच खोली, आणि दोन्ही भिंतींपलीकडे यंत्रमागांचे कारखाने. एकाला सुट्टी असली तरी दुसऱ्याचा खडखडाट चालूच. बाळंतपण करायला माझी आई मोहोळहून आली, ती कानात कापूस घालून वावरली. "ह्यात तुमी झोपता तरी कशा?" म्हणायची. आमची चिमी त्या खडखडाटातच जन्मली.

*

मी मुळातली भित्री. चिमी शांत झोपली की माझा जीव वरखाली. तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, आणि बोटाच्या गारव्याने ती जागी होऊन भोकाड पसरायची! माझ्या सासूबाई माळशिरसच्या, तोंडाने फटकळ. त्या म्हणायच्या, "आगं, झोपू दे की तिला! तुज्या भ्यानंच आजारी पडंल पोर!"

*

पोर पालथं पडलं की अंगणात करंज्या वाटायची आमच्याकडे रीत. चिमी वेळेवर पालथी पडली, वेळेवर बसली. मी निर्धास्त होतेय तोवर समोरची गौराक्का अक्कलकोटहून, माहेराहून परत आली. तिचा मुलगा चिमीच्याच वयाचा.

एके दुपारी आमच्या दारात गौराक्काच्या हातून पितळी परात पडली. तिचा मुलगा दचकून किंचाळला. चिमी पायाचा अंगठा चोखत बसलेली! मान वळवली नाही की पापणी हलली नाही.

"अय्यो, लई धीराची हाय की पोरगी!" गौराक्का कौतुकाने म्हणाली.

पोरीला ऐकू येत नसेल तर? त्या दिवसापासून मला घास गोड लागेना.

*

यांना सांगितलं, तर यांनी सायकलच खोलीत आणली आणि चिमीच्या पाठीमागे उभं राहून घंटी वाजवली. एकदा, दोनदा, मग थांबेचनात. अंगणातल्या बायका दारात जमल्या. "पोस्टमन आला का? कुटं हाय?" सगळ्यांना ऐकू गेलं होतं, चिमी सोडून!

*

सासूबाईंनी मात्र मला वेड्यात काढलं. "आमचं हे पाच वर्सं बोललं न्हवतं, आता गप बसतंय का?" हे म्हणजे माझे यजमान!

पण एकदा मी पाणी भरून आले, तर सासूबाई पाळण्यामागे उभ्या. हातात देव्हाऱ्यातली घंटा, आणि डोळे भरलेले.

"देवाला जागं करत हुते," म्हणाल्या. देव्हारा दुसऱ्या कोपऱ्यात होता. त्या दिवशी मला खरी भीती वाटली.

*

एका कारखान्याचे मालक व्यंकय्याआजोबा दिवसभर दारात बाजेवर बसलेले असत. चिमीला पाहिलं की त्यांच्या तेलुगूत हाक मारायचे, "बंगारू!" म्हणजे सोनं. ती कधी बघायची नाही. "रुसलीय माझ्यावर!" म्हणून म्हातारा हसायचा, आणि मी तिला उचलून आत पळायचे.

डॉक्टरांनी टाळ्या वाजवून पाहिल्या. "रांगतेय ना? वर्षाची होऊ द्या, मग बघू," म्हणाले. त्यांचं काय जातंय!

*

चिमीचा वाढदिवस तोंडावर आला आणि व्यंकय्याआजोबा गेले. गल्लीत कुणी गेलं की सगळ्यांनी माग बंद ठेवायचे, ही विणकरांची रीत. चिमीच्या जन्मापासून तशी वेळ आली नव्हती. मी तिला कडेवर घेऊन त्यांच्या दारात बायकांत बसले. एका कारखान्याचे माग थांबले. मग दुसऱ्याचे थांबले, आणि खडखडाट पार बंद झाला.

चिमीने मान वर केली. या कारखान्याकडे पाहिलं, त्या कारखान्याकडे पाहिलं. ओठ थरथरले, आणि तिने असा टाहो फोडला की आतल्या बायका रडायच्या थांबल्या!

"बघा गं," एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "बंगारू म्हणायचा की तिला! एवढ्याशा जिवाला बी कळलं!"

सगळ्या पुन्हा रडायला लागल्या. मला तर भर मयतात हसू फुटलं, आवरेचना. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सासूबाईंनी मला करकचून चिमटा काढला.

"हसू नगं, लोक बगत्यात!" त्या पुटपुटल्या, आणि स्वतःच तोंडावर पदर घेऊन गदगदा हलायला लागल्या.